माळीणबाईंची शाबूत कंबर

ज्या इस्पितळात मी केसपेपर लिहायचो, तिथल्या माळीणबाईंना सगळे ‘बैठक’ म्हणत. बाई बागेत उभ्या कमी आणि बसलेल्याच जास्त दिसायच्या. बाग देवाच्या भरवशावर फुलते, असं नर्सांचं ठाम मत होतं.

तिशीत असताना बाईंनी सिमेंटची कुंडी एका हिसक्यात उचलायला घेतली होती. कुंडी जागची हलली नाही, कंबर हलली. अठरा दिवस त्या जमिनीवर आडव्या. सासूबाई चहा देताना रोज विचारायच्या, "कुंडीच होती ना गं, की डोंगर?" नवरा स्वयंपाक शिकला, तेवढीच काय ती कमाई.

तेव्हापासून बाई कंबरेतून वाकल्या नाहीत, ना कुंडीपुढे, ना साहेबांपुढे. खुरपणी बुटक्या स्टुलावर बसून. एका हातात भरलेली झारी न्यायची नाही. दोन झाऱ्या घ्यायच्या, दोन्ही अर्ध्या. खुरपून अर्धा तास झाला की उठून वेलींची छाटणी. आणि सकाळी कामाला हात लावण्याआधी फाटकापर्यंत दोन फेऱ्या. याला लोक टंगळमंगळ म्हणायचे.

मग नवे मोठे डॉक्टर आले, हाडांचेच. तिसऱ्या दिवशी ते बागेत उतरले.

"बाई, ही कुंडी सावलीत न्यायला मुहूर्त काढलाय का?"

"ढकलगाडी स्वयंपाकघरात गेलीय. आली की नेते."

"एका कुंडीसाठी गाडी?"

"एका कंबरेसाठी, साहेब."

डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. पाय ताठ ठेवून वाकले, हात लांबवून कुंडी धरली, उचलली आणि तशीच झटक्यात वळवली. पुढच्या क्षणी कुंडी फुटली आणि डॉक्टर काटकोनात उरले.

"बाई," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "मला सरळ होता येत नाहीये."

"होऊ नका. गुडघे वाकवा आणि माझा खांदा धरा. हळू."

बाईंनी त्यांना गवतावर कुशीवर निजवलं. तेवढ्यात ढकलगाडी आली. तिच्यातली बटाट्याची पोती उतरवून डॉक्टरांना चढवलं. वरात बाह्यरुग्ण विभागावरूनच गेली. बाकांवर कंबरदुखीचे तीस पेशंट त्यांचीच वाट बघत होते.

"आज नंबर लागेल का?" एका आजोबांनी मला विचारलं.

"लागला की," मी म्हणालो, "त्यांचाच."

तीन आठवड्यांनी डॉक्टर पट्टा बांधून बागेत आले आणि बाईंच्या शेजारी बसले.

"गुडघ्यात वाका, ओझं पोटाशी धरा, वळायचं तर पाय वळवा, असं मी रोज पन्नास जणांना सांगतो," ते म्हणाले.

"छान सांगता. मग?"

"स्वतःला सांगायचं राहिलं."

बाई हसल्या नाहीत. हसण्याचं काम आम्ही केसपेपरवाल्यांनी आधीच उरकलं होतं. डॉक्टरांनी मात्र त्यांना एक विनंती केली. दर मंगळवारी पेशंट बागेत पाठवतो, त्यांना कुंडी कशी उचलायची ते दाखवा. बाई तयार झाल्या, पण बागेसाठी वेगळी ढकलगाडी मिळवल्यावरच.

पहिल्याच मंगळवारी एका जाडजूड गृहस्थांनी कुंडीसमोर उकिडवं बसून विचारलं, "डॉक्टरीणबाई, गोळी कोणती घेऊ?"

"गोळ्या वर, पहिल्या मजल्यावर," बाई म्हणाल्या. "इथं नुसती बोलणी मिळतात. आता उठा, आणि पाठ सरळ."