दोषांची चिठ्ठी

आमचे धाकटे दीर जुन्या बेस गिटारी विकतात असं सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. बेस म्हणजे काय, आणि त्यात पोट भरतं का. पहिल्याचं उत्तर मी लग्न झाल्यापासून देते आहे. चार जाड तारांची, लांब मानेची विजेवरची गिटार. ती वाजत असते तेव्हा कुणाचं लक्ष जात नाही, आणि थांबली की गाण्यातून काहीतरी गेल्यासारखं वाटतं. दुसऱ्याचं उत्तर भाऊजींच्या शर्टाच्या कॉलरकडे बघून ज्याचं त्यानं काढावं.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांची एक लांबट खोली आहे. भिंतीवर तीस-एक बेस खुंट्यांना टांगलेले, खाली जुन्या पेट्या, टेबलावर पेचकस, टॉर्च आणि एक भिंग. गिऱ्हाइकाला बसायला बिनहाताचं स्टूल, कारण हाताच्या खुर्चीत वाजवताना कोपर अडतं. चहाचे कप दोन, त्यातला एक फुटका, आणि फुटका नेहमी माझ्या वाट्याला येतो.

प्रत्येक बेसला दोऱ्यानं एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली असते. तुम्हाला वाटेल तिच्यावर किंमत असेल. छे. तिच्यावर दोष. ‘मानेवरची तिसरी पट्टी झिजली आहे.’ ‘मान थंडीत जराशी वाकते.’ ‘तारांचा आवाज उचलणारा मागचा पिकअप नंतर बसवलेला.’ ‘पहिल्या तारेवर सातव्या पट्टीला सूर लवकर मरतो.’ गिऱ्हाइकानं आधी ती चिठ्ठी मोठ्यानं वाचायची, मगच बेसला हात लावायचा. कित्येक जण अर्ध्यावरच उठून जातात.

“भाऊजी, तुम्ही इथे विकायला बसलात की चुगल्या करायला?” मी एकदा विचारलं होतं.

“दोष आधी कळला की माणूस भांडायला परत येत नाही, वहिनी,” ते म्हणाले.

जो टिकतो त्याला ते आपली खरी गंमत दाखवतात. बेसच्या अंगाला वर जे शिंगासारखं टोक असतं त्या शिंगावर हनुवटी टेकवायची, सगळ्यांत जाड तार एकदाच छेडायची आणि सूर पूर्ण विरेपर्यंत गप्प बसायचं. विजेचं काही जोडायचं नाही. तो सूर जबड्यातून आत शिरतो आणि मानेपर्यंत उतरतो. मी गाण्यातली ढ, पण मलाही तो जाणवतो.

धंद्यातले लोक त्यांना ‘भिंग’ म्हणतात. जुन्या बेसची सगळी किंमत त्याच्या मूळ रंगात असते. कारखान्यातला रंग तसाच असेल, वाजवणाऱ्याच्या हातानं घासून घासून लाकूड उघडं पडलं असेल, तर लोक वाटेल तेवढे पैसे मोजतात. पुन्हा रंगवलेला असेल तर निम्मेही नाहीत. मग काही दीडशहाणे नवा रंग मुद्दाम घासून जुना करतात. तसलं खोटं घासणं ओळखण्यात भाऊजींचा हात कुणी धरणार नाही. “खऱ्या हाताला घाई नसते, तो सगळीकडून घासतो,” असं म्हणतात. “पॉलिश कागदाची रेघ सरळ जाते.”

हे शिकले कुठे? तर गाड्या रंगवायच्या गॅरेजमध्ये. एके काळी वाजवणारेच आपला बेस घेऊन त्यांच्याकडे यायचे, लाल करून द्या, काळा करून द्या म्हणायचे, आणि भाऊजी करून द्यायचे. पुढे जग फिरलं. आज आपल्या हातचा रंग दिसला की ते स्वतःच चिठ्ठीवर लिहितात, ‘रंग मूळ नाही, मी दिलेला.’ असे बावीस बेस त्यांना आजवर परत भेटले आहेत.

तेविसावा माझ्या कपाटावर होता, आणि त्याबद्दल ते एकेचाळीस वर्षं तोंडातून ब्र काढत नव्हते.

तो बेस आमच्या यांचा. फिकट निळा. हे रात्रंदिवस बँडमध्ये वाजवायचे असं नाही, दिवसा नळजोडणीच्या सामानाच्या दुकानात हिशेबनीस होते. पण घरात त्या बेसचा मान माझ्यापेक्षा मोठा. कुणी विचारलं की म्हणायचे, “कारखान्यातून आला तस्सा आहे.” गेल्या वर्षी हे गेले. माझे गुडघेही संपाला बसले आहेत आणि घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलीच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या मिळत होत्या. आमची जागा विकून थोडे पैसे कमी पडत होते, आणि तेवढे त्या बेसचे येणार होते. मूळ रंगाचा असेल तर.

भाऊजींना मी बेस बघायला बोलावलं. आज दुकानात माल यायचाय, उद्या अंग दुखतंय. चार महिने असे गेले. शेवटी दातांच्या एका डॉक्टरांना कुठूनतरी कळलं. ते शनिवार-रविवार वाजवतात आणि अशा निळ्या बेसच्या शोधात दोन वर्षं फिरत होते. त्यांनी मलाच फोन केला. मी म्हटलं, रविवारी दिरांच्या दुकानात या, ते सांगतील तो शब्द शेवटचा. मग भाऊजींना नुसतं कळवलं.

आता खरं सांगते. त्या बेसचं काय झालं होतं ते मला पहिल्यापासून माहीत होतं. मला माहीत आहे हे भाऊजींना माहीत नव्हतं. मी गप्प होते, कारण मला बघायचं होतं. ते खोटं बोलले असते तर मला तळमजला मिळाला असता. पण मग त्या डॉक्टरांना मलाच तोंड उघडून सांगावं लागलं असतं, आणि ज्या माणसाला मी त्याच्या तेराव्या वर्षापासून जेवायला वाढलं तो माझ्यापुरता संपला असता. तीन मजले एकेक पायरी उतरताना मला गुडघ्यांपेक्षा याचंच जास्त दुखत होतं.

दुकानात डॉक्टर आधीच येऊन बसले होते. मी बेसची पेटी टेबलावर ठेवली, भाऊजींनी उघडली. डॉक्टर उभेच राहिले. उजवा हात टेकतो तिथे बेसच्या कडेला तळहाताएवढा रंग गेलेला, मध्ये लाकूड उघडं. त्यावर त्यांनी हलकेच दोन बोटं ठेवली.

“किती वर्षांचा हात असेल हा,” ते म्हणाले.

भाऊजींनी भिंग उचललंच नाही. पुठ्ठा घेतला, पेन्सिल घेतली आणि बेसकडे न बघता लिहायला लागले, तोंडानं सांगत. “दुसऱ्या तारेची खुंटी बदललेली आहे. आतली एक वायर नंतर जोडली आहे. शेवटच्या तीन पट्ट्या झिजल्यात.” मग पेन्सिल थांबली. खालच्या दुकानात कुणीतरी चाक फिरवून बघत होतं, ते थांबेपर्यंत ती पेन्सिल तशीच होती.

“आणि रंग?” डॉक्टरांनी विचारलं.

भाऊजींनी पेन्सिल खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. साठीचा माणूस, पण मला तो गणिताचा पेपर लपवून उभा असलेला मुलगाच दिसला.

“रंग मूळ नाही,” ते म्हणाले. “हा रंग माझा आहे.”

डॉक्टरांनी बोटं उचलली.

“दादा अपेंडिक्सच्या ऑपरेशनला दवाखान्यात होता. वहिनी त्याच्याजवळ. मी घरात एकटा, एकोणीस वर्षांचा. वाजवून बघावं म्हणून काढला आणि भिंतीला टेकवून पाणी प्यायला गेलो. घसरला तो लोखंडी पेटीच्या कोपऱ्यावर. एवढी खपली उडाली.” त्यांनी पंजा दाखवला. “गॅरेजमध्ये नेला. मान काढली, सगळा घासला, तसलाच निळा जमवला आणि पाच दिवसांत रंगवून परत पेटीत ठेवला. दादाला कधी कळलंच नाही. जन्मभर सांगत राहिला, कारखान्यातला रंग म्हणून, आणि मी शेजारी उभा राहून ऐकत राहिलो. वहिनी, शेवटी दवाखान्यात मी रोज त्याच्याजवळ बसायचो ना, ते हेच सांगायला. आणि रोज न सांगता उठायचो.”

एवढं बोलून ते स्टुलावर बसले. मला वाटलं होतं की हे ऐकल्यावर मला बरं वाटेल. तसं वाटलं नाही. मला यांचा राग आला, मला एकटीला हे सांभाळायला लावून निघून गेले म्हणून.

“त्यांना कळलं होतं,” मी म्हटलं. “पहिल्याच दिवशी.”

भाऊजींनी मान वर केली.

“दवाखान्यातून आले, पेटी उघडली आणि झाकण तसंच धरून बसले. गॅरेजचा वास आला होता. आणि हा डाग नव्हता.”

“कुठला डाग?”

“हाच, हाताचा. आधीच्या मालकाचा आणि यांचा मिळून पडलेला. तुम्ही खपलीबरोबर तोही रंगवून टाकलात, भाऊजी. बेस नवाकोरा केलात.”

मी सांगत गेले, कारण थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. तोवर भाऊजींनी दोन वर्षांत पाच नोकऱ्या सोडल्या होत्या. गॅरेजची सहावी, आणि तिथे सात महिने टिकले होते. सासरे म्हणायचे, याच्या हातून एक काम धड होणार नाही. हे तो बेस खिडकीशी घेऊन गेले, उजेडात फिरवून फिरवून पाहिला आणि मला म्हणाले, “बघ, एक ओघळ नाही कुठे. पहिल्यांदा पोरानं काहीतरी पूर्ण केलंय. त्याला बोलायचं नाही.” मी म्हटलं, पण डाग? बँडमधले विचारतील ना, डाग कुठे गेला. त्यांनी विचारलं तेव्हा पोरगा समोर असला तर?

“मग?” भाऊजींनी विचारलं.

“मग काय. तुम्ही कामावर गेलात की हे दुपारी स्वयंपाकघरात बसायचे. पोटाला टाके, म्हणून बेस मांडीवर नाही, ओट्यावर. बारीक पॉलिश कागद घेऊन घासायचे. मी ओल्या फडक्यानं भुकटी पुसायची, फरशीवर निळं राहू नये म्हणून. चार दुपारी लागल्या. शेवटी चहाचं पाणी लावलं, लाकूड जुनं दिसायला.”

डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. चांगला माणूस असावा.

भाऊजी उठले. आता त्यांनी भिंग घेतलं, टॉर्च घेतला आणि त्या डागावर वाकले. बराच वेळ वाकलेले होते. मीही जवळ गेले. कडेला खऱ्या हाताची मऊ झीज होती, चाळीस वर्षांची. पण मध्ये, लाकडाच्या अगदी जवळ, त्यांनी बोट ठेवलं तिथे बारीक रेघा होत्या. सरळ. सगळ्या एकाच दिशेच्या.

“कागदाच्या आहेत,” भाऊजी म्हणाले. “मी हा हजारदा बघितलाय, वहिनी. हजारदा.”

“यांना तुमच्यासारखं सफाईनं कुठे येत होतं,” मी म्हटलं.

ते हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला. भिंग टेबलावर ठेवून त्यांनी त्या डागावर उजवा हात टेकवला, वाजवणारा टेकवतो तसा. मग हनुवटी शिंगावर ठेवली आणि जाड तार एकदा छेडली. तारा जुन्या, सूर बसका. तो विरून गेल्यावरही ते तसेच राहिले. मी माझा फुटका कप घेऊन उगाच नळाशी गेले आणि धुतलेला कप पुन्हा धुतला.

डॉक्टरांनी खाकरून विचारलं, “विकायचा आहे का अजून?”

“विकायचा आहे,” मी म्हटलं. गुडघे माझेच होते, आणि हे काही कपाटावरून उतरून वाजवायला येणार नव्हते. डॉक्टरांनी किंमत सांगितली. निम्म्याहून थोडी वर होती. तेवढ्यात तळमजला बसत नव्हता. मुलीच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर, अकरा पायऱ्यांवर, एक खोली-स्वयंपाकघर होतं, ते मी मनातल्या मनात घेऊन टाकलं.

“चिठ्ठी वाचल्याशिवाय द्यायचा नाही,” भाऊजी म्हणाले. त्यांनी अर्धवट राहिलेला पुठ्ठा ओढला आणि पुढे दोन ओळी लिहिल्या. दोरा ओवला, गाठ मारली. गाठ दोनदा सुटली. मग चिठ्ठी त्यांनी डॉक्टरांपुढे धरली.

डॉक्टरांनी नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचली. खुंटी, वायर, पट्ट्या. आणि मग, “रंग मूळ नाही, धाकट्या भावाचा. डाग खरा नाही, थोरल्या भावाचा.”

त्यांनी पैसे दिले, पेटी उचलली आणि दारात थांबून विचारलं, “ही चिठ्ठी बेसबरोबर मिळते ना?”