कडू चॉकलेटचे डोहाळे

“खाली ठेव ते! अगं, तोंडात घालू नकोस!” आमची ही इतक्या जोरात ओरडली की समोरच्या इमारतीतल्या लोकांनीही हातातले घास खाली ठेवले असतील. मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना. तिला काळ्या कडू चॉकलेटचे डोहाळे लागले म्हणून मी अर्धं दुकान उचलून आणलं होतं.

“अहो, यात शिसं निघतं, कॅडमियम निघतं. पोटातल्या बाळाला वाईट. पेपरात आलंय.”

“सगळ्यांत नसतं गं.”

“मग यात किती आहे, ते वाचून दाखवा!”

मी वेष्टन उलटंपालटं केलं. त्यावर जगातलं सगळं लिहिलं होतं, तेवढंच नव्हतं.

हातातली वडी विरघळू लागली. कुठल्याशा दूरच्या रानात कोकोचं झाड अंधारात मुळं सोडून उभं असेल. जमीन देईल ते पितं, निवड करत नाही. मग उघड्यावर वाळणाऱ्या बियांवर रस्त्याची धूळ हलकेच उतरत असेल. याच लेकीच्या वेळी हिला मातीचे डोहाळे लागले होते. गावाकडच्या घराची एक अख्खी भिंत हिनं चाटून पातळ केली. तेव्हा आम्ही नुसते हसलो होतो. आता लेकीच्या पोटात तसंच एक इवलंसं मूळ, काही न विचारता, येईल ते पीत होतं.

मी वडी कागदात गुंडाळली.

“मग काय आणू गं तुला?”

“पेरू,” लेक म्हणाली. “धुऊन द्या.”