नकाशात नसलेली बाळंतीण

दार आतून बंद होतं. अंजनाबाई कडी वाजवून थकल्या होत्या, आणि आतून ना त्यांची सून सखू ओ देत होती, ना तिच्या पाच दिवसांच्या बाळाचा आवाज येत होता.

सकाळचे दहा वाजले होते. ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी राजूरकडच्या एका कोळसा खाणीवर ओव्हरसियर होतो, म्हणजे बांधकामावर देखरेख करणारा. मजुरांची ही बराक मीच बांधून घेतलेली. एका खोलीत दहा एकटे पुरुष राहतील असं धरून. पण दोन वर्षांत राळेगावकडच्या मजुरांनी बायकापोरं आणली आणि पोत्यांचे पडदे टांगून एकेका खोलीत तीन-तीन संसार मांडले. ते पडदे काढायला लावा, म्हणून मॅनेजर साहेबांनी मला त्या दिवशी पाठवलं होतं.

"आत शेगडी आहे काय?" मी विचारलं.

"हाये नं. बाळंतिणीले शेक नको काय? धूर जाईस्तोर बाहीरच ठेवली. लाल झाल्यावर बाजेखाली सरकवली न् पान्याले गेली."

"दगडी कोळसा?"

"मंग? इथं त्याचा काय तोटा हाये?"

धूर गेला तरी लाल कोळशातून विषारी वायू निघत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला नुसती झोप येते. गावाकडे हा शेक पिढ्यान्‌पिढ्या चालला, कारण तिथे कुडाच्या भिंती आणि वर कवेलूंचं छप्पर, हवा कुठूनही शिरते. माझ्या खोलीवर सिमेंटचा स्लॅब होता. खिडकी नव्हतीच, एकट्या पुरुषांना कशाला? छताखाली एक व्हेंटिलेटर, म्हणजे झरोका. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून त्यात पोतं कोंबलेलं. खोलीतले बाकीचे कामावर गेलेले, आणि दारासमोरून सारखी परकी माणसं जातात, म्हणून सखूने आतून कडी लावलेली.

मी बाहेरच्या पाण्याच्या ड्रमवर चढून पोतं उपसलं. आत हाक मारली. काही नाही. खोटं कशाला सांगू, तिच्या जिवाबरोबर मला माझ्या नोकरीचीही भीती वाटली.

शेजारच्या खोलीतले रात्रपाळीचे दोघे उठून दार उचकटायला सब्बल घेऊन आले. दार सागवानी. मजबूतच हवं म्हणून मीच अडून बसलो होतो. ते काही केल्या निघेना. शेवटी बिजागऱ्या उखडल्या.

सखूला बाहेर आणलं तेव्हा तिची मान लुळी पडली होती. बाळ हलत नव्हतं. अंजनाबाई त्याचे तळवे चोळत होत्या. किती वेळ गेला कोण जाणे. मग ते मांजराच्या पिलागत रडलं. खाणीचे डॉक्टर आल्यावर बऱ्याच वेळाने सखूने डोळे उघडले.

"माह्यं पोरगं?" एवढंच म्हणाली.

मी जायला निघालो तशा अंजनाबाई समोर आल्या. "साहेब, खोली बांधली तवा इचारलं काय कोनाले, इथं बाई बाळंत झाली त कुठी निजन?"

मी तसाच ऑफिसात गेलो. पडद्यांचा विषय काढलाच नाही.

मॅनेजर साहेब भडकले. "रजिस्टरमध्ये तिथे एकही बाई नाही!"

"रजिस्टरमध्ये नाही साहेब, बाजेवर आहे."

"मग सगळ्या बायकांना गावी पाठवा."

"मजूरही मागोमाग जातील."

"मग तुम्हीच मार्ग काढा," ते म्हणाले. मी नवा प्लॅन काढला. प्रत्येक कुटुंबाला एक मोठी खोली, मागे आडोशाचं अंगण, आणि अंगणाकडे उघडणारी एक लहान खोली. तिला समोरासमोर दोन झरोके, पोतं कोंबायला हात पोचणार नाही इतके उंच, सिमेंटच्या जाळीचे.

"मजुराला दोन खोल्या? वर मंजूर होणार नाही," साहेब म्हणाले.

मी नकाशात लहान खोलीवर 'स्टोअर' लिहिलं. मंजूर झालं.

पहिल्याच हिवाळ्यात त्या स्टोअरांमध्ये तीन बाळंतपणं झाली. तिन्ही वेळा मी काही ना काही निमित्त काढून तिकडे गेलो आणि झरोके उघडे आहेत ना ते खालूनच पाहून आलो. तेव्हापासून नकाशा काढण्याआधी मी घरातल्या बाईला विचारतो. कागदावर काय लिहायचं, ते नंतर बघता येतं.