पुसलेली तीट

तुमच्या काकूने, म्हणजे माझ्या धाकट्या सुनेने, नोकरी सोडून लहान मुलांचे फोटो काढायला सुरुवात केली, हे तुम्हाला फोनवर कळलंच असेल. आमची पुढची खोली आता स्टुडिओ आहे. माझी आरामखुर्ची गच्चीवर गेली आणि तिच्या जागी एक गोल दिवा उभा आहे. त्याच्या वायरीत माझा पाय रोज अडकतो. सवय होईल, असं ती म्हणते. अजून झालेली नाही.

पहिली ऑर्डर समोरच्या घरातून आली. त्यांच्या नातीचा रविवारी पहिला वाढदिवस होता आणि तिचा मोठा फोटो मंडपाच्या दाराशीच ठेवायचा होता. आमच्या लेआउटमधली, म्हणजे वसाहतीतली, सगळी मंडळी जेवायला येणार, म्हणजे हा फोटो जमला तर हिचं काम चालणार, फसला तर घरोघरी तीच चर्चा. हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. म्हणून तर माझी जास्त चिडचिड झाली.

पोरीला तिची आजी घेऊन आली, मारेगावकडची, स्पष्ट बोलणारी बाई. नातीला तिने रीतसर तयार केलं होतं: आंघोळीनंतर तोंडाला तेलाचा हात, त्यावर पावडर, आणि दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाची ठसठशीत तीट. पोर सावळी, तुकतुकीत. गोल दिवा लागताच कपाळ चकाकलं, गालांवर पावडरचे पांढरे पट्टे उठले आणि डोळ्यांत त्या दिव्याच्या दोन बांगड्या चमकायला लागल्या. मी म्हटलं, दिवा बंद कर, ओल्या फडक्याने तोंड पूस, खिडकीपाशी बसव. ती म्हणाली, "कम्प्युटरमध्ये काढते, आई." पोर रडली, नाक वाहायला लागलं, तेही म्हणे कम्प्युटरमध्येच निघणार होतं. रुमाल मीच आणला.

कम्प्युटरने खरंच सगळं काढलं. तेल, पावडर, हनुवटीवरची खळी, आणि डाग समजून तीटसुद्धा. वर रंगही उजळून दिला. कपाटातून मी माझा लग्नाआधीचा फोटो काढून तिच्यापुढे ठेवला, तोच, ज्यात यवतमाळच्या फोटोवाल्याने ब्रशने मला गोरं केलं होतं आणि तुम्ही विचारलं होतं की ही बाई कोण. तिला वाटलं, मी जुन्या आठवणी काढतेय. छान आलाय, म्हणाली.

समोरच्या आजीने नातीचा फोटो लांब धरून पाहिला, मग जवळ आणला.

"हे आमची नाही," ती म्हणाली. "इची तीट काहून पुसली? अन् रंग? इच्या बापाचा रंग हाये तो, पोरी. चोरीचा थोडीच हाये."

सून गडबडली. तीट आत्ता परत काढून देते, म्हणाली. कम्प्युटरच्या काजळाने दृष्ट टळते का, असं आजीने तिला शांतपणे विचारलं. सुनेने कम्प्युटर बंद केला आणि पोरीला उद्या परत आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला पुन्हा आणलं. या वेळी आधी पावडर पुसली, तीट नव्याने लावली, खिडकीला पातळ पडदा ओढला आणि उजेड परतून पोरीवर पडावा म्हणून सावलीच्या बाजूने चादर धरून मी उभी राहिले. चादर मी इस्त्रीची, गुलाबी आणली होती, तर पोरीची हनुवटी गुलाबी झाली. सून हसली. मी मुकाट्याने पांढरी आणली. आजीच्या मांडीवर बसून पोर तिच्या गळ्यातली काळ्या मण्यांची पोत चावत होती आणि तेवढ्यात तिने वर पाहिलं. तोच फोटो. खळी होती, तीट होती, रंग बापाचा होता.

रविवारी फ्रेम दाराशी लागली. आजीने बोटावर काजळ घेतलं आणि वरून काचेवरही एक तीट लावली. सून ओढणीचं टोक घेऊन पुसायला निघाली. मी तिचं मनगट धरलं.

जेवताना एक बाई सुनेशेजारी येऊन बसली. फोटो फार आवडला होता. तिच्या मुलाचाही काढायचा होता. "फक्त जरा गोरा करून द्याल ना?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी वरणात लिंबू पिळत होते.

"नाही, ताई," ती म्हणाली. "आहे तसाच दिसेल."

बाई विचार करून सांगते म्हणाली. अजून सांगितलेलं नाही. गोल दिवा मात्र जागचा हललेला नाही, वायरही.