युनूसभाईचे पेचकस आणि गावभरची मनगटं

घड्याळजीच्या दुकानात एखादा बारीक स्क्रू खाली पडला की तो शोधायला चौघं जण गुडघ्यावर बसतात. तो सापडत नाही. मागच्या दिवाळीत पडलेला मात्र सापडतो! किश्श्यांचंही तसंच होतं. एक सांगायला बसावं, तर तो राहतो बाजूला आणि भलतेच चार निघतात.

माझं बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान. गाव चिखली तालुक्यातलं, अमडापूरहून थोडं पुढे. शेजारी युनूसभाईचं घड्याळाचं दुकान, मधे एकच भिंत. माझा धंदा जूनमध्ये. बाकीचं वर्ष मी युनूसभाईच्या बाकावर बसून असायचो. तिसरा प्रल्हाद. शेती तिकडे आणि जीभ इकडे, असा माणूस. तो आला की गिऱ्हाईक काम सांगायचं विसरून हसत बसायचं.

युनूसभाई हाडाचा कारागीर. पेचकसांची, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरांची, रांग समोर मांडून बसायचा आणि घड्याळाची चेन हातात आली की आधी नुसता स्क्रूकडे बघत राहायचा. "पाती खाचेत पुरी बसली पाह्यजे. रुंद घेतली तर बाजूची कडी खरवडते. बारीक घेतली तर खाच झिजते. एकदा खाच झिजली, का तो स्क्रू कोनाच्याच बापाचं ऐकत नाई!"

प्रल्हाद म्हणायचा, "पोरगी पाहाले गेले तवा बी इतका टाइम लावला होता का?"

"दोस्त करताना लावला असता तर तुह्यासारखे भेटले नसते," युनूसभाई म्हणायचा.

* * *

शामराव पैलवानाचा किस्सा आधी सांगतो. शामरावाचं मनगट म्हणजे माझ्या पोटरीएवढं. सासऱ्यानं घड्याळ दिलं, ते अर्ध्या मनगटावरच अडकलं. शामराव आला आणि म्हणाला, "वाढवून द्या."

चेन कमी करणारे रोज येतात. वाढवणारा हा पहिलाच! युनूसभाईनं डबे उपसले, पण त्या मापाच्या कड्या काही मिळेनात. शेवटी कुठून तरी तीन सोनेरी कड्या काढल्या आणि पांढऱ्या चेनमध्ये बसवून दिल्या. शामराव खूश.

पुढच्या बाजाराला तीन पोरं दुकानात उभी. "चाचा, पैलवान स्टाईल करून द्या. मधात सोनेरी पाह्यजे."

युनूसभाई वैतागला. "आता सोनेरी कड्या कुठून आनू बे? ते तं तुमच्या चाचीचं घड्याळ मोडलं होतं मी!"

पोरं गप्प झाली. युनूसभाईला वाटलं, पटलं त्यांना. पण पोरं त्याच्याकडे बघतच नव्हती. त्याच्या मागे बघत होती. मागे शकीलाभाभी डबा घेऊन उभी होती.

त्या दिवशी डबा मी आणि प्रल्हादनं खाल्ला!

* * *

मग बीटी कपाशीचे दिवस आले. माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. एका कंपनीनं स्कीम काढली, अमुक पाकिटं घ्या आणि मनगटी घड्याळ फ्री. कंपनीचा माणूस खोकी उतरवून गेला. घड्याळं चकचकीत, चेन स्टीलची, पण माप कोणाचं घेतलं होतं देव जाणे. गावात एकाच्याही हातात ते थांबेना. हात खाली केला की घड्याळ बोटांवर!

लोक त्याला 'बीटी घड्याळ'च म्हणायचे. प्रल्हाद सगळ्यांना सांगत सुटला, "याले अळी लागत नाई!" पहिल्या पावसाळ्यात काटे अडकले तेव्हा म्हणाला, "अळी नाईच लागली. गंज लागला!"

त्यातच ग्रामसभा आली. विषय एकच. एसटीची शेड कुठे बांधायची? सरपंचाचं म्हणणं, त्यांच्या साळ्याच्या हॉटेलसमोर. गावाचं म्हणणं, शाळेजवळ.

सरपंचांनी विचारलं, "हॉटेलसमोर, कोन कोन तयार आहे?"

नेमकी तेव्हाच सगळ्यांची घड्याळं घसरलेली. सवयीनं सगळ्यांनी हात वर करून झटकले. घड्याळं खुळखुळ करत कोपराकडे गेली.

सरपंचांना गहिवरून आलं! "मंजूर! आता रीतीप्रमाणं इचारतो, विरोध कोनाचा?"

तेवढ्यात घड्याळं परत खाली आली होती. पुन्हा सगळे हात वर.

ग्रामसेवक पेन हातात धरून बसून राहिला. "साहेब, काय लिहू? सगळा गाव बाजूनं आहे आणि सगळा गाव विरोधात आहे."

मागून प्रल्हाद ओरडला, "लिहा, आधी चेना कमी करा, मंग सभा घ्या!"

* * *

दुसऱ्या दिवशी युनूसभाईकडे ही रांग! एकट्याच्या हातानं किती होणार? मग ज्याला दम निघेना तो घरून हत्यार घेऊन आला. एकानं भाजीचा चाकू आणला. वायरमननं टेस्टर आणला आणि चेनला लावून सांगितलं, "करंट नाई याच्यात." प्रल्हादनं तर फवारणीच्या पंपाचा पाना आणला.

"याच्यानं काय होईन बे?" युनूसभाई म्हणाला.

"इतकाले मोठे नट खोलते, त्याले हा चिलटाएवढा स्क्रू काऊन जमनार नाई?"

"हत्ती बी ताकदवान आहे. त्याले सुईत दोरा घालाले लावशीन का?"

प्रल्हादनं जरा विचार केला. "हत्ती आनू का, ते सांगा!"

त्या गर्दीत एक तालुक्याचे पाहुणेही होते. युनूसभाईचा सगळ्यात लाडका पेचकस बघून त्यांनी विचारलं, "कुठला हो हा? बाजारात असा दिसत नाही."

युनूसभाईनं आवाज खाली आणला. "स्वित्झर्लंडचा आहे. दाखवत नाई मी कोनाले."

हे तो वर्षानुवर्षं सांगत आला होता. मी पण तीच गोष्ट दहा जणांना सांगितली होती. पण त्या दिवशी गर्दी होती म्हणून शकीलाभाभी मदतीला येऊन बसली होती. तिनं पेचकस पाहुण्यांच्या हातातून काढून घेतला आणि उलटसुलट करून बघितला.

"हा तं माह्या शिलाई मशीनचा हाय! शादीत मशीनसंगं आल्ता. मी सगळं घर धुंडलं! अन् यानं घासून घासून काय हाल केले याचे!"

पाहुणे म्हणाले, "पण हे तर स्वित्झर्लंडचा म्हणतात."

भाभी म्हणाली, "बरोबर हाय ना. माह्यं माहेर थितलंच हाय. लोकं त्याले देऊळघाट म्हनतात!"

* * *

कौसाबाई कापूस वेचणाऱ्या बायांची मुकादमीण होती. तिनं युनूसभाईकडून पुरुषी घड्याळ विकत घेतलं. चेन ढिली होती. युनूसभाईनं कड्या काढायला पेचकस उचलला, तर तिनं त्याचा हातच धरला. "कमी काऊन करता? सगळ्याच्या सगळ्या कड्या माह्या हायेत." आणि घड्याळ कोपराच्या वर, दंडात चढवून निघून गेली. वाकी घालावी तसं!

घड्याळ घेण्याचं कारण होतं नानासाहेब. मोठे जमीनदार. सकाळी बाया सूर्य बघून यायच्या, पण संध्याकाळी सुट्टी नानासाहेबांच्या घड्याळावर. आणि ते घड्याळ नेहमी मागे!

कौसाबाईनं दंड पुढे केला. "मालक, पाच वाजले."

नानासाहेबांनी मनगट पुढे केलं. "कौसे, साडेचारच झाले. तुझं घड्याळ दंडावर राहून तापलं असेल."

कौसाबाई भांडली नाही. "बरं मालक. तुमच्याच घड्याळानं चालू. पन मंग सकाळी बी तुमच्याच घड्याळानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बाया बांधावरच्या लिंबाखाली बसून राहिल्या. सूर्य वर आला, नानासाहेब हाका मारून थकले. कौसाबाई जागची हलली नाही. "मालक, तुमच्या हातात टाइम व्हायचा हाय अजून!"

तिसऱ्या दिवशी नानासाहेब स्वतः दुकानात आले. खुर्चीवर बसले, इकडेतिकडे बघितलं आणि युनूसभाईच्या कानाशी वाकले.

"हे घड्याळ सकाळी पुढं चालेल आणि संध्याकाळी मागं, असं काही करता येतं का?"

युनूसभाईनं सगळे पेचकस एकेक करून उचलून पाहिले. मग फार दुःखी चेहरा केला.

"काम सोपं आहे मालक. पन त्याचा पेचकस अजून निघाला नाई!"

* * *

आता शेवटचा सांगतो.

ते वर्ष वाईट होतं. पाऊस मधेच निघून गेला, कपाशीची पऱ्हाटी लाल पडली आणि बोंडं फुटायच्या आधीच झाडं उभ्या-उभ्या वाळली. माझ्या दुकानाकडे लोक बघतसुद्धा नव्हते. बाजार भरायचा, पण त्याला आवाज नसायचा.

प्रल्हाद बरेच दिवस आला नव्हता. एका दुपारी आला. बाकावर बसला. मी वाट बघत होतो आता काहीतरी बोलेल, कोणाची तरी फिरकी घेईल. काही नाही. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढलं आणि काचेवर ठेवलं.

"युनूसभाई, हे ठेवून घ्या. माह्यं पोरगं बुलढाण्याहून कधी आलं तं त्याले देजा."

"काऊन? बिघडलं का?"

"नाई. चांगलं चालते."

युनूसभाईनं घड्याळाकडे बघितलं. मग प्रल्हादकडे बघितलं, बराच वेळ. मला त्यात काही विशेष वाटलं नाही, खरं सांगतो.

"असं कसं देऊ?" युनूसभाई म्हणाला. "पोराचं मनगट तुह्यापेक्षा बारीक. कडी काढा लागते. बस."

आणि त्यानं रांगेतला सगळ्यात जाड पेचकस उचलला.

तो खाचेत जाणारच नव्हता. आंधळ्यालाही कळलं असतं. युनूसभाई घाम गाळत राहिला. पाती घसरायची, हा पुन्हा लावायचा. मला राहवेना. "युनूसभाई, तो बारीकवाला घ्या ना, कडेचा…"

काउंटरखाली माझ्या पायावर असा पाय पडला की डोळ्यांत पाणी आलं! "सुधाकरभाऊ, तुम्ही युरिया इका. च्या सांगा आधी."

चहा झाला. पुन्हा चहा झाला. दिवे लागायच्या वेळी युनूसभाईनं हात झटकले. "जाम बसला बे. उद्या ये. अन् तूच ये, तुह्या हाताचं माप घेतल्याबिगर पोराच्या मापाचा अंदाज येत नाई."

प्रल्हाद उठला. युनूसभाईनं चपला घातल्या. "मले बी तिकडंच जायचं आहे," म्हणून त्याच्याबरोबर गेला. युनूसभाईचं घर बरोबर उलट्या दिशेला आहे!

दुसऱ्या दिवशी दुसरा पेचकस. तोही चुकीचा. नंतर म्हणे स्क्रूत तेल सोडलं आहे, मुरू दे. मग म्हणे तेल जास्त झालं, वाळू दे. भाभी रोज एकाऐवजी दोघांचा डबा आणायला लागली आणि प्रल्हादला म्हणायची, "खाल्ल्याबिगर उठाचं नाई भाऊ, मी मोजून पोया केल्या हायेत."

आणि प्रल्हाद रोज येत होता. आधी गप्प. मग कुरकुरत. मग एके दिवशी तडकला. "तुले घड्याळजी कोनं केलं बे? बैलाच्या पायाले नाल ठोकाले जाय तू! इतक्या दिवसात माह्या म्हशीनं स्क्रू काढला असता!"

असा अपमान झाला आणि युनूसभाईचा चेहरा काय फुलला! "अजून बोल ना," म्हणाला. "थांबला काऊन?"

मग एका दुपारी युनूसभाई नमाजाला गेला होता. बाकावर मी आणि प्रल्हाद. प्रल्हाद उठला, काउंटरला वळसा घालून युनूसभाईच्या स्टुलावर बसला. डोळ्याला भिंग लावलं. रांगेवरून एकदा बोट फिरवलं आणि कडेचा बारीक पेचकस उचलला. पाती खाचेत अशी बसली, जशी तिथंच जन्मली होती. दोन फेरे, स्क्रू बाहेर. कडी काढली, चेन जोडली. घड्याळ स्वतःच्याच मनगटावर चढवलं, हात खाली सोडला, हलवून बघितला. घड्याळ जागचं हललं नाही. त्या वर्षात त्याचंही मनगट उतरलं होतं.

मान वर केली तर युनूसभाई दारात उभा.

प्रल्हादनं भिंग काढून ठेवलं. "हाच लागते हे मले पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

"मंग बोलला काऊन नाई बे?"

प्रल्हादनं पेचकस पुसला आणि रांगेत त्याच्या जागी ठेवला.

"तुम्ही इतकं मन लावून चुकून राह्यले होते… म्हटलं, चुकू द्या!"