हापशाचा दांडा

नोकरीतले मोठमोठे गुन्हे आता पुसट होत चाललेत, पण टाळेबंदीतली ती किरकोळ चोरी जशीच्या तशी आठवते. तेव्हा मी कर्जत भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

भिवपुरीच्या बाजूला एक गाव आणि वर डोंगरालगत आदिवासी वाडी. गावाला विहीर होती. वाडीला उन्हाळ्यात वेशीवरच्या हापशाचाच आधार. एका सकाळी वाडीतली एक बाई चालत ठाण्यात आली. तोंडाला पदर लावून दारातच उभी राहिली. "साहेब, हापशाचा दांडा कुनी काढून नेला. नदीत डबकीच उरली हायेत. पोरांना जुलाब लागलेत." ठाणे अंमलदाराने तक्रार लिहून घेतली आणि मी जीप काढली.

पूर्वी या गावात एकाला विचारलं की चौघे उत्तर द्यायचे, वर चहा घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत. कामाचा खोळंबा होतो म्हणून मी वैतागायचो. त्या दिवशी मला त्या गलक्याची फार आठवण आली. वेशीवर काटेरी फांद्या, दारं बंद, खिडकीच्या फटीतून एकच उत्तर, "आमाला काय म्हायत नाय." गावचे पोलीस पाटील म्हणजे आमचा हक्काचा माणूस. एरवी जीप थांबायच्या आत संशयिताचं नाव सांगायचे, आज कोणाचंच नाव घेईनात. मला तेच खटकलं.

दुपारी ठाण्यात फोन आला. "दांडा पाटलांच्या गोठ्यात हाय, पेंढ्याखाली. माझं नाव इचारू नका." नाव कशाला विचारू? आवाज पाटलीणबाईंचा होता, त्यांच्या हातचं मी कितीदा जेवलो होतो. पाटलांना हे मी कधी सांगितलं नाही. आता वाचतील तर वाचोत.

पाटलांना त्यांच्याच ओट्यावर बसवलं. "पाटील, गोठा दाखवता का?"

ते खालीच बघत राहिले. "सून दिवस भरलेली हाय, साहेब. वाडीतली मानसं वीटभट्टीवरनं परत आल्यात. हापशावर बाया खेटून उभ्या ऱ्हातात, तिथनं रोग गावात शिरला तर? मी काय करनार व्हतो?"

"म्हणून त्यांच्या पोरांनी डबक्यातलं प्यायचं?"

पाटील रडले. पंचांसमक्ष दांडा निघाला आणि त्यांनीच तो बसवून दिला.

तपास संपला, पण वाडीतून कोणी खाली येईना. हवालदार सांगून आला, मी सांगून आलो. तक्रारदार बाई म्हणाली, "आज बसवलात, उद्या पुन्ना काढाल." यावर माझ्याकडे कलम नव्हतं.

शेवटी पाटलीणबाईंनी तांब्याचा हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि भर उन्हात वाडीची चढण धरली. मी मागे होतो. त्यांनी हंडा त्या बाईच्या अंगणात उतरवला. अख्खी वाडी बघत होती. बाईने तांब्या बुडवला, आधी पोरांना पाजलं, मग स्वतः प्याली. पाटलीणबाई हंड्याला हात लावणार तोच ती बाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. रिकामा कसा देऊ?"

दुसऱ्या दिवशी ती खाली आली. हंड्यात शेवळं होती, वळवाच्या पहिल्या सरीला रानात उगवणारी भाजी. पाटलांच्या ओट्यावर हंडा ठेवून ती हापशाकडे वळली आणि मागोमाग वाडीतल्या बाया आल्या.

हल्ली तिथे ग्रामसभेलाही फारसं कोणी फिरकत नाही असं ऐकतो, तेव्हा जीव हळहळतो. दांडा मी शोधून काढला, पण वाडीची चढण मला हंडा घेऊन चढता आली नसती. ते पाटलांच्याच घरातल्या माणसानं करायचं होतं.