सूपभर कोंड्याचं नाव

कोंडाआत्या पहिल्या हाकेला कधीच ओ देत नसत. दूधवाला असो, पोस्टमन असो, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकू. दाराबाहेरून "कोंडाबाई!" अशी हाक आली की हातातलं काम तसंच धरून त्या गप्प बसायच्या. दुसऱ्या हाकेलाही गप्प. तिसरीला मात्र एवढ्या मोठ्याने ओ द्यायच्या की हाक मारणाराच दचकायचा. मी लग्न होऊन शनिवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत आले तेव्हा मला वाटलं, यांना कमी ऐकू येतं. जवळ जाऊन मी सांगितलं, "आत्या, बाहेर कुणीतरी बोलावतंय."

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "यम एकदाच हाक मारतो. त्याला ताटकळायची सवय नाही. ओ मिळाली नाही की पुढच्या घरी जातो."

दारातल्या काकू खो खो हसल्या. मला हसू आलं नाही. मी मूळची भित्री. चौथीत शाळा सुटली तीही विहिरीवरून जाणाऱ्या वाटेच्या भीतीने. त्या दिवसापासून मला हाकांचीही भीती बसली.

आत्या माझ्या नवऱ्याच्या आत्या. यांची आई लवकर गेली, म्हणून यांना आत्यांनीच वाढवलं. घरात सासूच्या जागी त्याच होत्या. ठेंगण्या, काटक, बोलायला फटकळ. गल्लीतल्या कुणाच्या बाळाला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही. कुणी कौतुकाने पोर पुढे केलं की म्हणायच्या, "काय माकड आहे!" नवीन बिऱ्हाडातल्या आया रुसायच्या. जुन्या बायका हसायच्या, कारण त्यांना ठाऊक होतं की घरी जाऊन आत्या त्याच पोरासाठी देवापुढे वात लावतात.

त्यांच्या नावाची गोष्ट त्यांनी मला पोळ्या लाटताना सांगितली. त्यांच्या आधीची भावंडं जन्मली आणि गेली, एकही हाती लागलं नाही. मग आत्या जन्मल्या तेव्हा त्यांच्या आईने काळीज घट्ट केलं, त्यांना सुपात घालून उकिरड्याच्या कडेला ठेवलं आणि "ही माझी नाही" असं म्हणून मागे न बघता घरी गेली. ठरल्याप्रमाणे शेजारणीने पोर उचललं आणि दारात आणलं. आईने सूपभर कोंडा मोजून देऊन ते तिच्याकडून विकत घेतलं. म्हणून नाव कोंडाबाई. "दाणा सगळ्यांना हवा असतो," आत्या म्हणाल्या. "कोंडा कोण खातो? यमसुद्धा नाक मुरडतो."

त्यांच्या लहानपणी म्हणे प्रत्येक आळीत एखादी कोंडाबाई, एखादा केरबा, एखादा धोंडू, दगडू सापडायचा. कुणाला त्याचं हसू यायचं नाही. नाव ऐकलं की बायकांना कळायचं, या घरात आधी काहीतरी घडलंय. आता पुण्यात ते नाव आत्यांच्या एकटीचं उरलं होतं. बँकेतली मुलगी एकदा म्हणाली, "आजी, असलं कसलं नाव? बदलून का नाही घेतलं?" आत्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "सत्तरीपर्यंत टिकलंय. तुमचं टिकलं की सांगा, मग बदलू."

माझी दोन बाळं गेली होती. दोन्ही बारशाच्या आत. त्यांना नावंच नव्हती, त्यामुळे आठवण काढायची तर काय म्हणून काढायची ते मला कळायचं नाही. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा मी जिना उतरतानाही भिंत धरायची. आत्यांनी घरात पाळणा येऊ दिला नाही, झबलं शिवू दिलं नाही, यांनी नावाचा विषय काढला की भांडं आपटायच्या. एका पाहुण्या बाईंनी "पोट अगदी छान दिसतंय हो" म्हटलं तर आत्या म्हणाल्या, "छान कसलं? वाटाण्याची उसळ बाधलीय तिला." मी आत जाऊन तोंडाला पदर लावला. हसत होते की रडत होते ते आता आठवत नाही.

मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली. हाताच्या तळव्याएवढं तोंड. दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. डॉक्टर म्हणायचे, बघू. रोज तेच, बघू. काचेबाहेर उभी राहून मी तिची छाती हलते का तेवढंच बघायची. माझ्या शेजारी आत्या काचेकडे पाठ करून उभ्या असायच्या. "बघा ना तिच्याकडे," मी म्हणायची. "आपण दोघी बघत बसलो तर त्याला कळेल इथं काहीतरी मोलाचं आहे," त्या म्हणायच्या.

शेवटी घरी न्या म्हणाले. आत्यांनी आदल्याच दिवशी गिरणीतून कोंडा आणून ठेवला होता. घरात शिरायच्या आधी जुनी रीत करायची असं त्यांनी ठरवलं होतं. पण उकिरडा कुठला? इमारतीच्या जिन्याखाली दोन बादल्या, एक हिरवी, एक निळी. खालच्या काकू सूप धरून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "कोंडाबाई, पोरगी ओल्या कचऱ्याजवळ ठेवायची की सुक्या?"

"रडते आहे ना? मग ओल्या," आत्या म्हणाल्या.

मी सूप खाली ठेवलं. आता मला फक्त "ही माझी नाही" एवढं म्हणून वर जायचं आणि आत्यांजवळचा कोंडा देऊन तिला विकत घ्यायचं होतं. तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. मला वाटलं, मी म्हटलं आणि कुणीतरी ते खरं मानलं तर? दोनदा न म्हणताच गेली होती बाळं. मी पहिल्याच पायरीवर बसले. काकूंना वाटलं, रीत झाली. पोर उचलून माझ्या अंगावरून त्या वर गेल्या. वर दारात कोंडा घेऊन आत्या उभ्या. उंबऱ्याबाहेर पोराला ताटकळत ठेवायचं नाही, मागे फिरवायचं नाही, अशी रीत. काकू विचारत होत्या, "घेताय ना? कोण घेतंय?" खालून मी ऐकत होते, पण उठता येत नव्हतं. मग आत्यांचा आवाज आला, "घेतली."

मी धापा टाकत वर पोहोचले तेव्हा पोर आत्यांच्या हातात होतं. कोंडा काकूंच्या ओच्यात. आत्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"अगं, विकत मी घेतली," त्या म्हणाल्या. "आता ती माझी झाली."

"मग परत करा ना रीत," मी म्हटलं.

"एकाच दिवशी दोनदा बाजारात उभी करू का तिला?" बराच वेळ त्या तिच्याकडे बघत राहिल्या. "असू दे. माझं नाव त्याला आवडत नाही. राहू दे तिला माझ्या नावावर. तू सांभाळ."

बारशाला पाळण्यावर यांनी हौसेने 'ईश्वरी' लिहून लावलं. आत्यांनी बाळाच्या कानात कुर्र केलं, बायकांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घातले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्या म्हणाल्या, "कोंडू!" यांचं तोंड उतरलं. माझं नाही. मला त्या नावाने जरा धीर आला.

पण नवी भीती लागली. कुणी विचारलं, "मुलगी तुमची का?" तर मी म्हणायची, "आत्यांची." लोकांना मी वेडी वाटायची. शाळेच्या दारातही मला "माझी" म्हणवलं नाही. आणि आत्यांना जरा खोकला झाला की मी रात्रभर जागायची. त्यांच्या काळजीने नव्हे, हे लिहायला लाज वाटते. माणूस जाताना आपलं ते बरोबर नेतं असं आमच्या गावाकडे म्हणायचे. मग आत्या काय नेतील?

ईश्वरी मोठी झाली, कॉलेजात गेली. मैत्रिणींसमोर आत्यांनी "कोंडू" म्हटलं की ती लाल व्हायची. मैत्रिणी तिला कोंड्यावरचा शाम्पू आणून द्यायच्या. एकदा तिने मोबाईलवर नावांचे अर्थ सांगतात तिथे हे नाव घालून पाहिलं. "आत्याआजी, बघ. अर्थ सापडला नाही. लोकप्रियता शून्य. एकाही माणसाने ठेवलेलं नाही."

"झकास," आत्या म्हणाल्या. "यमाकडेही हाच मोबाईल असू दे."

गेल्या वर्षी आत्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टर घरी येऊन म्हणाले, वय झालंय, आता घरीच ठेवा. त्याच आठवड्यात ईश्वरी कोथरूडच्या ऑफिसातून तापाने फणफणून आली. साधा ताप आहे, उतरेल, डॉक्टरांनी सांगितलं. मी त्यांचं ऐकलं, पण मला गावाकडचं ते म्हणणं आठवलं. बाहेरच्या खोलीत आत्या, आतल्या खोलीत ती. मी मधल्या दारात उभी. इकडे बघू की तिकडे? त्यांचा श्वास लांबला की मी आत धावून हिचा श्वास बघायची.

दुपारी पेज घेऊन गेले. हळूच म्हटलं, "आत्या."

"ओ," त्या म्हणाल्या.

माझ्या हातातली वाटी कलंडली. "आत्या, पहिलीच हाक होती."

"ठाऊक आहे. किती वेळा पुढच्या घरी पाठवू त्याला? पाय दुखले असतील बिचाऱ्याचे." मग आतल्या खोलीकडे बघून त्यांनी विचारलं, "कोंडू कुठंय?"

"आत. ताप आहे."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "पीठ चाळलंस आज?"

"चाळलं."

"कोंडा आण. विकत घे तिला."

मला इतकी वर्षं जे मागता आलं नव्हतं ते त्यांनीच बोलून टाकलं. सूप माळ्यावर होतं. मी चाळणच घेऊन आले. मूठभर कोंडा त्यांच्या तळहातावर ठेवला. बोटं मिटेनात, म्हणून मी माझ्या हाताने मिटली.

"बोल आता."

"ही माझी," मी म्हटलं. आवाज फुटला नाही.

"काय?"

"ही माझी."

"मोठ्याने. मला तिसऱ्यांदाच ऐकू येतं."

"ही माझी!" मी ओरडले. आयुष्यात एवढ्या मोठ्याने मी बोलले नव्हते. आतून ईश्वरीचा आवाज आला, "आई, काय झालं गं?" आत्या हसल्या. "झाला व्यवहार," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. त्यांना आंघोळ घालताना बोटांच्या बेचक्यात कोंडा होता, तो मी तसाच राहू दिला. संध्याकाळी ईश्वरीचा ताप उतरला.

भीती गेली असं मात्र नाही. आता ती माझी आहे, आणि माझ्या नावाला यम नाक मुरडत नाही हे मला ठाऊक आहे. सकाळी ती स्कूटर काढते तेव्हा मी गॅलरीत येते आणि हाक मारते, "कोंडू!" भर गल्लीत. अभ्यासिकेत निघालेली मुलं मान वर करून माझ्याकडे बघतात. ती बघत नाही. हेल्मेटचा पट्टा लावत तशीच पाठमोरी उभी राहते. तिला हे मी शिकवलेलं नाही. मी पुन्हा हाक मारते. तरी ती वळत नाही. मी कठडा घट्ट धरते. मग मी तिसऱ्यांदा मारते, आणि खालून, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी, तिची ओ येते.